विकणाऱ्याच्या घरचं पाणी

१९ जानेवारी १९७५

आज गोपीचंद पोष्टमननं सायकल दाराच्या कुडाला टेकवली अन् आरोळी दिली, "सोजराबाई, परदेशातून पुडकं आलंय, अंगठा द्या."

मी म्हणलं, "अंगठा देणारी गेली रे बापा. आता सही करणारी राहती इथं." अन् केली सही. 'सो' जरा तिरपा गेला, 'ई' रेघेच्या बाहेर उतरली, पण सही ती सही. गोपीचंदला वाटलं असंल, म्हातारी आता पेन ठेवून घेती का काय.

पुडक्यात ही वही निघाली. वही म्हणजे काय वही! लाल कातड्याची, पानांच्या कडा सोनेरी, मधी रेशमाची दोरी, कुठवर आलो ते कळायला. अन् दर पानाच्या पायथ्याला एकेक विमान छापलेलं, बगळ्यासारखं लांब नाकाचं. तीनशे पासष्ट पानं, तीनशे पासष्ट विमानं. मी मोजली न्हाईत, पण एवढी मोठी कंपनी मापात थोडीच मारणार.

नातू मुंजाजीनं पाठवली. संगं चिठ्ठी, "मोठीमाय, विमान विकणाऱ्या कंपनीनं आमच्या समितीतल्या समद्यांना ही भेट दिली. मला काय करायची? तू रोज चार ओळी लिहीत जा, म्हणजे शिकलेलं मोडणार न्हाई."

मुंजाजी हा माझ्या जळबाचा थोरला. चौथीत होता तवा त्यानंच माझ्या हातात पाटी दिली. माझे केस तवाच पिकले होते. हातावर छडी मारायचा चोरटा, अन् म्हणायचा, "मोठीमाय, न वाचता सही करायची न्हाई कधी." पुढं शिकत शिकत आपल्या विमानदलात इंजिनाचा जाणता झाला. आता सरकारनं त्याला एका बेटाच्या मुलखाला उसना दिलाय. आमी उखळ उसनं देतो, सरकार माणूस देतं. त्या मुलखाला लढाऊ विमानं घ्यायचीत, अन् कोणतं बरं ते सांगणारं त्यांच्यात कुणी न्हाई. म्हणजे ते मुलूखभर लोक आमच्या मुंजाजीच्या तोंडाकडं पाहून राहिले! शेंबूड पुसायला मागं लागावं लागायचं त्याच्या.

एक तारखेपासून अठरा तारखेपर्यंतची पानं कोरीच गेली. अशी नासाडी मला पटत न्हाई. पहिल्या पानावर मुंजाजीच्या आज्याचं नाव लिहिलं, रामजी. जन्मात तोंडानं घेतलं न्हाई, पण लिहायला कुणाची हरकत? चांगलं दिसलं. मग अठराही पानांवर लिहिलं.

२ फेब्रुवारी

मुंजाजीचं लांब पत्र आलं. अक्षर अक्षर लावत दुपारपर्यंत वाचलं. सूनबाई चांगुणा म्हणली, "आत्या, द्या, मी वाचते भराभरा." मी दिलं न्हाई. भराभरा वाचलं की पत्र लवकर संपतं.

ते बेट आपल्या कळमनुरी तालुक्याएवढं हाये म्हणं. नाव एवढं लांब की म्हणेपर्यंत मुलूख संपतो. बेटाला राजा हाये, राजाला मेव्हणा हाये, मेव्हण्याला काम न्हाई, म्हणून तो विमान-समितीचा म्होरक्या. दुसरा सेनापती, त्याला नावेत बसलं तरी गरगरतं. तिसरा खजिनदार, बैठकीत झोपतो. चौथा राणीचा रंगारी, विमान झेंड्याला शोभंल का न्हाई ते सांगायला. पाचवा मुंजाजी. इंजिन उघडून पाहिलेला तो एकटाच, म्हणून त्याची सही सगळ्यात शेवटी. आधी चौघांनी आवडून घ्यायचं, मग यानं कारण लिहायचं.

तीन विमानं पाहून राहिलेत. एक लांब नाकाचं, माझ्या वहीतलं. दुसरं दोन इंजिनांचं, पाण्यासारखं तेल पितं. तिसरं आखूड, बसकं, दिसायला मेलं कसंतरीच, पण मुंजाजी म्हणतो, "मोठीमाय, ते कुठं बी उतरतं अन् कुणाच्या बी हातानं दुरुस्त होतं."

शेजारच्या भागूबाईला हे सगळं सांगितलं. ती म्हणली, "पण लढाई कुणाशी हाये त्यांची?"

"कुणाशीच न्हाई."

"मग काहून घेऊन राहिले?"

"बाजूच्या बेटानं दोन घेतली."

"अगं माय! म्हणजे माझ्या जावंच्या बोरमाळेसारखंच की. तिनं केली म्हणून मला पाहिजे."

"बोरमाळ गळ्यात तरी राहती. याला वर जाऊन पुन्हा खाली यावं लागतं."

भागूबाईला राजकारण कळत न्हाई. मला आता कळायला लागलं.

११ फेब्रुवारी

आमचा लाख्या बैल गेला. नऊ वर्षं ओढलं बिचाऱ्यानं. पोट फुगलं, दोन दिवस उभा राहिला, तिसऱ्या दिवशी बसला तो बसलाच. जोडीचा मोऱ्या रिकाम्या जागेकडं मान करून उभा. कडबा खाईना. चांगुणानं चूल पेटवली न्हाई, मी वही उघडली न्हाई. आता उघडली.

पावसाच्या आधी दुसरा बैल पाहिजे. मला मुंजाजीचा आजा आठवला. बैल घ्यावा तर त्यांनीच. खरेदीला निघाले की भाकरी धडप्यात बांधलेली अन् पाण्याचा फिरकीचा तांब्या खांद्याला. सौदा होईपर्यंत विकणाऱ्याच्या घरचं पाणीसुदिक प्यायचे न्हाईत. लोक हसायचे. ते म्हणायचे, "जे घर एरवी आपल्याला वरून ओंजळीत पाणी ओततं, ते सौद्याच्या दिवशी तांब्या हातात देतं. तवा ते पाणी न्हाई, दावं हाये दावं." अन् बैल कधी विकणाऱ्याच्या अंगणात पाहायचे न्हाईत. म्हणायचे, "तिथं समदेच बैल नंदी असतात. आपल्या रानात आण, आपल्या चिखलात घाल, आपल्या भर दुपारच्याला जुंप, मग बोल."

जळबाला हे सगळं सांगितलं. तो म्हणला, "व्हय माय." व्हय म्हणतो तवा ऐकत नसतो, बापावर गेला न्हाई.

२६ फेब्रुवारी

आनंदीआनंद! फोटो आला. मुंजाजी कोट घालून लांब नाकाच्या विमानाला टेकून उभा. कंपनीनं समितीतल्या पाचही जणांना आपल्या देशी नेलं, आठ दिवस ठेवलं, येतानी प्रत्येकाला मनगटी घड्याळ अन् लोकरीची चादर. विमानानं आभाळात कोलांट्या मारून दाखवल्या. मेव्हण्यानं टाळ्या वाजवल्या, रंगाऱ्यानं रंग पसंत केला, खजिनदार जेवणापुरता जागा होता. कंपनीचे साहेब एवढे मायाळू की मुंजाजीला म्हणले, "तुझ्या आजीला वही आवडली का?" वळखदेख न्हाई, पण म्हातारीची याद ठेवली. आपल्या गावात कोण ठेवतं?

अन् एका साहेबानं मुंजाजीला बाजूला घेऊन सांगितलं, "हे काम आटोपलं की आमच्या कारखान्यात ये, मोठी नोकरी देतो."

मुंजाजी लिहितो, "मोठीमाय, बाकीच्या दोन विमानांचं तर कुणी नावच काढीना."

काहून काढावं? त्यांनी चादर दिली का?

फोटो घेऊन सगळी गल्ली फिरले. गुडघा दुखत होता, पण फोटो दाखवतानी दुखला न्हाई. परत येतानी दुखला.

९ मार्च

जळबा सकाळी गोरेगावला गेला, तातेराव पाटलाकडं बैल पाहायला. मी भाकरी बांधून दिली, आज्याचा तांब्या दिला. तांब्या खुंटीलाच विसरून गेला. दिवस मावळायला आला तवा उगवला तो डोक्याला नवा गुलाबी पटका, तोंडाला मटणाच्या सागुतीचा वास.

"झालं का रे बैलाचं?"

"झालं माय. काय माणूस हाये तातेराव! मला वर वसरीत घेतलं. सतरंजीवर बसवलं. सागुती वाढली. म्हणला, 'जळबाजी, तुमी आता आमचेच.'"

आमचेच! मागल्या वर्षी याच तातेरावच्या घरी जळबाची कपबशी वळचणीला खोचलेली होती, आपली आपण काढायची, पिऊन धुवून परत खोचायची. विकायचा बैल असला की माणसाची जात कशी झटक्यात धुवून निघती. कायदे करून जे झालं न्हाई ते एका बैलानं केलं.

"बैल चालवून पाहिलास का?"

"अंगणात चालवला. काय चालतो माय! जसा नवरदेव."

"चिखलात?"

"त्यांच्या अंगणात फरशी हाये."

चांगुणा चुलीपाशी हसली. मग दोघी हसलो. जळबा पटका काढून बाजेवर बसला अन् पुन्हा घालून बसला.

१३ मार्च

बैल आला. खोटं काहून बोलू, देखणा हाये. पांढरा शुभ्र, उंच, शिंगं अशी की दोन बाजूंना दोन गावं दाखवतात. जळबानं नाव ठेवलं राजा. गल्लीतले समदे पाहायला आले.

पहिली गोष्ट, राजा गोठ्याच्या दारातून आत जाईना. शिंगं दोन्हीकडं अडली. मान वाकडी करून पाहिली, उलटा घालून पाहिला. एखादं बाजलं घरात घ्यावं तशी चार माणसं बैल घरात घेऊन राहिली होती.

दुसरी गोष्ट, मोऱ्या बुटका, राजा उंच. जू ठेवलं तर मोऱ्याच्या मानंवर सगळा भार अन् राजाच्या गळ्यात जू दागिन्यासारखं.

जळबा घाम पुसून म्हणला, "दार रुंद करावं लागंल. त्या अंगाला तुझी खोली हाये माय. मधली भिंत काढतो. तू वसरीत ये. तिथं हवा चांगली लागती."

"अरे, बैल घरासाठी आणला का घर बैलासाठी?"

"माय, असा बैल अख्ख्या शिवारात न्हाई."

"म्हणूनच शिवारात मावंना."

"तुझं एकटीचं काय ग, एक बाज अन् एक पेटी. कुठं बी मावशील."

ती खोली मुंजाजीच्या आज्यानं माझ्यासाठी लिंपली होती. कोनाड्यात त्यांच्या बोटांचे वळ हायेत अजून. पण बैलाच्या शिंगापुढं बोटांचे वळ म्हणजे काय!

२० मार्च

भिंत गेली. मी वसरीत. हवा चांगली लागती, कोंबड्या बी चांगल्या लागतात. एक तर पेटीवरच बसून राहती, जशी तिचीच. वहीवर एका पानाला तिनं आपली सही केली. धुवून काढली, पण विमानाचं नाक जरा पिवळं झालं.

मुंजाजीला पत्र लिहिलं, चार पानं, सगळं माझ्या हातानं. बैलाचं लिहिलं. तांब्या विसरल्याचं, सतरंजीचं, सागुतीचं, पटक्याचं. तातेरावच्या फरशीवर बैल नवरदेवासारखा चालला अन् आमच्या दारात अडकला ते. भिंतीचं लिहिलं. आजा काय म्हणायचा ते लिहिलं, पाणी न्हाई, दावं. तुझ्या बापाला ते समजलं न्हाई, म्हणून तुझी आजी कोंबड्यांत बसली, असंही लिहिलं. शेवटी लिहिलं, तुझ्या कंपनीचे लोक किती चांगले, त्यांना जयभीम सांग.

चांगुणानं पोष्टात विचारून बरोबर परदेशी तिकिटं लावली.

१४ एप्रिल

जयंती. गावात निळ्या पताका. अन् आजच मुंजाजीचं पत्र आलं, याला म्हणतात मुहूर्त.

माझं पत्र त्याला अजून पोचलं न्हाई. तो लिहितो, चौघांनी लांब नाकाचं विमान पसंत केलं. फक्त एक बारीक अडचण, विमानाला पळायची सडक लागती, तिला धावपट्टी म्हणतात. बेटावर एकच हाये, ती बी आखूड, पुढं समुद्र. बसकं विमान तिच्यावर आरामात उतरतं. लांब नाकाचं मावत न्हाई. सेनापतीनं सुचवलं, विमान बदलू नका, धावपट्टी वाढवा. दुसऱ्या टोकाला कोळ्यांची वस्ती हाये, चाळीस घरं, ती उठवायची. मेव्हणा म्हणला, "त्यांना डोंगरामागं जागा देऊ. तिथं हवा चांगली हाये."

मुंजाजी त्या वस्तीच्या कडंलाच राहतो. तिथली एक म्हातारी त्याला सुकी मासळी देती, पैसे घेत न्हाई. तो लिहितो, "मोठीमाय, बोलणं कळत न्हाई एकमेकांचं, पण ती रागावती तुझ्यासारखीच. आता माझी सही तेवढी राहिली. मी लिहायचं की हेच विमान या मुलखाला योग्य. सही केली की महिन्याभरात कारखान्यातली नोकरी. चार दिवस झाले, कागद पुढं घेऊन बसलोय."

काय बसायचं त्यात? चार दिवस! आजीनं पोष्टमनच्या कागदावर अर्ध्या घटकेत केली. मी लगेच लिहिलं, "लेका, सही करून टाक. नशीब दारात आलं तर त्याला उभं ठेवू नये. डोंगरामागं हवा चांगली असती, जातील बापडे. एका सहीनं काय होतं." पाकीट चिकटवलं, तिकीट मीच लावलं अन् गोपीचंदच्या हाती दिलं.

सांजच्याला जयंतीची सभा झाली. मला माईकपुढं उभं केलं. मी म्हणलं, "माझा मुंजाजी आता आपल्या देशात मावत न्हाई." लई टाळ्या पडल्या. जळबा गुलाबी पटका घालून पुढंच बसला होता.

२ मे

मुंजाजीचं पत्र न्हाई. गोपीचंद सायकल न थांबवताच लांबून हात हलवतो. मेल्याचा हातच मोडावा वाटतो.

आज जळबानं जोडी जुंपून रान वखरायला नेलं. ऊन असं की ढेकळं तव्यासारखी. मोऱ्या मान खाली घालून चालला. राजा तिसऱ्या तासाला, आमच्यात एका आडव्या रेघेला तास म्हणतात, तिसऱ्या तासाला थांबला, इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, अन् पाय दुमडून बसला. जसा फोटो काढून घ्यायला. जळबानं शेपूट पिळली, पाणी पाजलं, पाया पडला. शेवटी घरी येऊन म्हणला, "आपल्या रानातच खोट हाये. ढेकळं लई."

चांगुणा म्हणली, "मग रान बदला."

जळबा तिच्याकडं असा पाहून राहिला, जसं खरंच बदलता येतं का.

१० मे

माझंच पत्र मला परत आलं! 'सही करून टाक' लिहिलेलं. मी आनंदात देशातल्या पत्राचं तिकीट लावलं होतं. वर शिक्का, रेघा, काय काय. गोपीचंद म्हणला, "सोजराबाई, नशिबाला बी तिकीट पुरं लागतं." मी म्हणलं, तू नको शिकवू. पण पाकीट हातात घेऊन बराच वेळ बसले. म्हणजे माझ्या लेकराला माझा सल्ला पोचलाच न्हाई. तिकडं तो एकटा कागद पुढं घेऊन बसला असंल. काय केलं असंल त्यानं?

पुन्हा पाठवावं म्हणून पाकीट उघडलं. वाचलं. 'जातील बापडे' या ओळीपाशी कोंबडी पेटीवरून माझ्या मांडीवर उतरली. मी पत्र घडी करून पेटीत ठेवलं. तिकिटाला गेलेच न्हाई. काहून, ते आज लिहीत न्हाई.

२५ मे, बुद्धपौर्णिमा

खीर चुलीवर होती तवा पत्र आलं. आज मीच चांगुणाला म्हणलं, तू वाच, भराभरा वाच. जळबा बी येऊन उंबऱ्यात बसला.

मुंजाजी लिहितो,

"मोठीमाय, तुझं बैलाचं पत्र मिळालं. तू मला काय सांगितलंस ते कळलं. तसं सरळ कुणी सांगितलं नसतं. मी त्याच दिवशी घड्याळ अन् चादर परत केली. समितीला लिहून दिलं, विकणाऱ्याच्या अंगणात पाहिलेलं विमान मी मानत न्हाई. ते आपल्या धावपट्टीवर आणा, आपल्या भर दुपारी उतरवा, मग सही मागा."

मी चांगुणाला थांबवलं. "अगं, मी त्याला काहीच सांगितलं न्हाई. मी बैलाचं लिहिलं होतं."

चांगुणा म्हणली, "व्हय आत्या. बैलाचंच." अन् पुढं वाचायला लागली.

मेव्हण्याला वाटलं, बरंच झालं, राजासमोर तमाशा होईल. मांडव टाकला, बँड बोलावला, राणीनं हार आणला. भर दुपारी लांब नाकाचं विमान आलं, बगळ्यासारखं. टेकलं, पळालं, पळतच राहिलं. धावपट्टी संपली, विमान संपेना. शेवटी कोळ्यांनी समुद्राकाठी वाळत टाकलेल्या जाळ्यांत शिरलं अन् नाक समुद्रात बुडवून उभं राहिलं. चालवणारा धड बाहेर आला, फक्त ओला. त्याला बाहेर काढलं कोळ्यांनीच, जाळी फाडून, त्यांच्याजवळ दुसरी जाळी न्हाई तरी. मग दुपार कलल्यावर बसकं विमान उतरलं, अर्ध्या वाटेत थांबलं, कुणी पाहिलं बी न्हाई. बँडवाले जेवायला गेले होते.

चांगुणाला हसू आवरेना. खीर उतू गेली.

"समितीनं निकाल दिला, विमानात दोष न्हाई. धावपट्टीच्या टोकाला समुद्र कसा काय आला, याच्या चौकशीला नवी समिती नेमली. तिची पहिली बैठक पुढल्या वर्षी. माझ्या सहीशिवाय कागद पुढं जात न्हाई, म्हणून खरेदी थांबली, वस्ती जागेवर हाये. मी सही केली न्हाई. मेव्हणा म्हणला, हा माणूस आम्हाला नको. कारखान्याच्या साहेबानं आता वळख दिली न्हाई. मी आता घरी यायला निघालोय. इथल्या म्हातारीनं तुझ्यासाठी मासळी बांधून दिली. आपल्या दलात माझ्याबद्दल कागद गेलाय, पुढं काय होईल ते माहीत न्हाई. अन् मोठीमाय, एक मागणं हाये. ती वही परत पाठव. सगळ्यांच्या भेटी परत केल्या, तेवढी एकच राहिली. पत्ता खाली लिहिलाय."

चांगुणा थांबली.

माझी वही! चार महिने मी हिच्याशी बोलून राहिले. नवऱ्याशी एवढं बोलले नव्हते. मला राग आला, मुंजाजीचा आला, साहेबांचा आला, चांगुणाचा आला, तिनं काही केलं नव्हतं तरी. मी म्हणलं, "एक वही तर हाये! तिनं काय विमान विकलं जातं का?"

अन् बोलता बोलता वर पाहिलं. खुंटीवरचा तांब्या समोर दिसत होता. जळबानं एक दिवस सागुती खाल्ली तर मी गावभर बोंब मारली. अन् मी? जानेवारीपासून विकणाऱ्याच्याच घरचं पाणी पिऊन राहिले, रोज, सोनेरी कडांच्या भांड्यानं. अन् पिऊन पिऊन लेकराला लिहिलं की चाळीस घरं उठव, हवा चांगली असती. वसरीत बसून लिहिलं! कोंबड्यांत बसून!

ते पत्र पोचलं असतं तर?

जळबा उठला. मला वाटलं, बैलाकडं चालला. त्यानं डोक्याचा पटका काढला, घडी न करता खुंटीला टाकला, अन् मागच्या अंगाला जाऊन माती भिजवायला लागला.

"काय करून राहिलास रे?"

"भिंत घालतो माय. उन्हं हायेत तोवर वाळंल."

"अन् राजा?"

"उद्या गोरेगावला परत नेतो. तातेराव घेतो का न्हाई पाहू. बदली एखादा बुटका मागतो." मग म्हणला, "भाकरी बांधून दे. अन् तांब्या."

३ जून

तातेरावनं राजा परत घेतला. बदल्यात एक काळा, ठेंगणा, एका शिंगाचा बैल दिला अन् वर हसला. या वेळी सतरंजी न्हाई, सागुती न्हाई. कपबशी वळचणीलाच होती. जळबानं तिला हात लावला न्हाई, आपल्या तांब्यातलं पाणी प्याला. काळ्याला आधी रानात नेऊन भर दुपारी जुंपला, मग हो म्हणला. मोऱ्या त्याला चाटून राहिला.

माझी खोली लिंपून झाली. आज्याच्या बोटांचे वळ गेले ते गेले. आता जळबाच्या बोटांचे हायेत. हात वाकडा त्याचा, पण चालंल.

मुंजाजी परवा येणार. भागूबाईनं विचारलं, "नोकरी सोडून येतो का गं? सभेत तर तू म्हणली होती, देशात मावत न्हाई." मी म्हणलं, "मावतो गं. दारातून मान न वाकवता आत येतो, एवढं पुरं हाये."

आता वहीचं. चांगुणा कापड, सुई-दोरा घेऊन बसलीय, पुडकं शिवायला. म्हणली, "आत्या, लिहिलेली पानं फाडून ठेवून घ्या. कोरी तेवढी पाठवू."

मी म्हणलं, न्हाई.

तर कंपनीच्या साहेबांनो, जयभीम. तुमची वही परत पाठवून राहिले. तुमच्यात मराठी वाचणारं कुणी नसंल, तर एखादा माणूस उसना मागवा. वही आवडली का म्हणून तुमी विचारलं होतं. लई आवडली. तेच तर वाईट झालं. एका पानावर कोंबडीचा डाग हाये, त्याला आमी जबाबदार न्हाई, वसरीत ती आधीपासून होती, आमीच मागून आलो.

वही कोरी आली होती, ती लिहून परत काहून, असं तुमाला वाटंल. आमच्यात शेजारणीचं भांडं रिकामं परत करायची रीत न्हाई. घरात काही नसलं तरी दोन हिरव्या मिरच्या, चिमूटभर मीठ घालून द्यावं लागतं. माझ्याजवळ होतं ते घातलं. पहिल्या अठरा पानांवर रामजी हे नाव लिहिलंय, ते माझ्या मालकाचं. ते विकणाऱ्याच्या घरचं पाणी पीत नव्हते. बाकी पानांवर आमी प्यालो, ते लिहिलंय.

खाली सही करते. सगळं वाचून करते.

सोजराबाई